माहेरचा झरा ते सासरची विहीर: काळ्या दगडाच्या पाण्यामागे सहा दिवस

लग्नानंतर सासरी पहिल्यांदा वरण लावलं, तेव्हा कुकरच्या सात शिट्ट्या होऊनही तुरीच्या डाळीचा दाणा न् दाणा वेगळा राहिला. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई आल्या, कुकरमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "तू विहिरीचं पानी घेतलं नं? त्या पान्यात डाय शिजत नाई बाई. डायीचा हंडा येगळा हाये, थो घेत जाय."

माझं माहेर वाईजवळ, कृष्णाकाठी. सासर अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. पुण्यात रसायनशास्त्र शिकवायला लागून मला आता अठरा वर्षं झाली, पण ती डाळ डोक्यातून गेली नाही. कारण भूगर्भाच्या हिशेबाने वाई आणि सासरजवळचं अकोट एकाच काळ्या दगडाच्या मुलखात येतात. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा, दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा हा सगळा मुलूख, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा. दगड एकच, पाऊसही त्याच मोसमी वाऱ्यांचा, आणि माहेरचं पाणी गोड, सासरचं खारट. हे कसं, ते वाटेवरच्या पाण्याला विचारत जायचं ठरवलं. दिवाळीनंतर दादाने गाडी काढली. सोबत पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावेल एवढा टीडीएस मीटर, पीएच म्हणजे पाण्याचा आंबटपणा मोजायच्या पट्ट्या (सातच्या खाली आम्ल, वर अल्क), सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली आणि वही.

दिवस पहिला: क्षेत्र महाबळेश्वर

पंचगंगेच्या देवळात सकाळी सातला पोचलो. फरशी बर्फासारखी गार. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम इथे मानतात, आणि पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडतं. सावित्री इथून पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठते. कृष्णा समुद्राकडे पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

तीर्थ म्हणून सगळे भरतात तशी मीही एक बाटली भरली आणि देवळाबाहेरच्या पायरीवर बसून मीटर बुडवला. २८. म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार साधारण २८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे. हे पाणी पावसाच्या पाण्यापासून फारसं लांब गेलेलंच नाही.

का गेलं नाही, ते देवळामागच्या चढावरच दिसतं. तिथे काळा दगड नाही, तांबडा, भोकाभोकांचा जांभा आहे. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि त्याचं सौम्य आम्ल होतं. स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएच ५.६ च्या आसपास असतो. हा थेंब मातीत शिरला की आणखी आंबट होतो, कारण मुळं आणि जिवाणू सतत श्वास सोडत असतात आणि मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त कार्बन डायऑक्साइड साठतो. हे आंबट पाणी लाखो वर्षं एकाच दगडावर ओतलं जात राहिलं. आधी कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम गेलं, मागोमाग सिलिकाही गेली. न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, तोच जांभा. आज त्यावरून वाहणाऱ्या पाण्याला घेण्यासारखं काही उरलेलंच नाही. दगड आधीच धुऊन निघालेला आहे.

मग या २८ मिलिग्रॅममध्ये आहे काय? थोडं मीठ आहे, आणि ते बरंचसं समुद्राचं. अरबी समुद्रावरून येणारा वारा लाटांच्या फेसातले बारीक खारे कण उचलून आणतो आणि ते पावसाबरोबर घाटमाथ्यावर उतरतात. बेसॉल्टमध्ये मिठातलं क्लोराइड जवळजवळ नसतंच. म्हणून महाराष्ट्राच्या पठारावर कुठेही क्लोराइड सापडलं की पहिला संशय पावसाने आणलेल्या या मिठावर घ्यायचा, आणि मग सांडपाण्यावर. हे मी वहीत ठळक लिहून ठेवलं. अकोल्यात लागणार होतं.

रात्री खोलीवर मी दादाला एक आलेख काढून दाखवला. १९७० साली शास्त्रज्ञ रोनाल्ड गिब्ज यांनी जगभरच्या नद्यांचं पाणी एकाच आलेखावर मांडलं. उभ्या अक्षावर एकूण क्षार, आडव्या अक्षावर सोडियमचा वाटा. ठिपके एका वाकड्या पट्ट्यात पडले, बूमरँगसारख्या. खालच्या टोकाला पावसाच्या वळणाचं पाणी, वरच्या टोकाला बाष्पीभवनाने आटलेलं, आणि मधल्या कोपराशी दगडातून क्षार घेतलेलं. दादा बराच वेळ कागद बघत राहिला. मग खालच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे आज आपण इथं आहोत. आणि तुझं सासर वर, त्या टोकाला." मला हेच सांगायचं होतं.

दिवस दुसरा: पसरणीचा घाट आणि माहेरची विहीर

सकाळी पाचगणीच्या टेबललँडवर थोडं थांबलो. तिथला सपाट माथाही जांभ्याचाच. मग पसरणीच्या घाटाने खाली. महाबळेश्वर ते वाई रस्ता जेमतेम ३२ किलोमीटरचा, पण वाईत पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस पाचवा हिस्सा होतो आणि त्याबरोबर डोंगराचा रंगही बदलतो. तांबडा जातो, करडा-काळा येतो.

घाटात रस्त्यासाठी कापलेल्या एका भिंतीपाशी मी गाडी थांबवायला लावली. भिंतीत कलिंगडाएवढे गोल दगड अडकलेले, भोवती पिवळसर भुगा. एका दगडाची साल मी नखाने उचलली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली, बोटात चोळली तर पीठ झाली. तिच्या आतली दुसरी साल राखाडी, जरा चिवट. तिसरी मला हाताने निघेना. दादाने चाकाचा पाना आणून आतल्या गोळ्यावर मारला तर खण्ण आवाज आला. आत निळसर काळा, ताजा, लखलखीत दगड.

या बोटभर जाडीत सगळी गोष्ट आहे. दगडाला आधी भेगा पडतात, लाव्हा थंड होताना पडलेल्या. भेगांतून आंबट पाणी आत शिरतं आणि चारही बाजूंनी दगड खातं. कोपरे सगळ्यात आधी जातात, कारण त्यांना दोन-तीन बाजूंनी पाणी लागतं, म्हणून चौकोनी तुकडा गोल होत जातो. पाणी आम्लातला हायड्रोजन दगडाला देतं आणि त्याच्याकडून फेल्डस्पार या खनिजातलं कॅल्शियम आणि सोडियम, पायरॉक्झिन या खनिजातलं मॅग्नेशियम घेतं. या देवघेवीत आम्लाचं बायकार्बोनेट होतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. मागे राहते ती चिकण माती. घाटाच्या वर जास्त पावसाने जांभा केला, घाटाच्या खाली कमी पावसाने काळी माती केली. दोघांचा बाप एकच.

यातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मलाच तिचं नवल वाटतं. त्या बायकार्बोनेटमधला कार्बन दगडातला नसतो, हवेतला असतो. मातीतून, पावसातून आलेला. नदी तो समुद्रात नेते, तिथे शंखशिंपल्यांत तो कॅल्शियमबरोबर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड असा लाखो वर्षांसाठी बाहेर काढला जातो, हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ एबेलमेन यांनी १८४५ मध्येच मांडलं होतं. बेसॉल्ट यात सगळ्यांत पुढे, कारण तो ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी लवकर झिजतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी याच कृष्णेचं आणि घाटातल्या नद्यांचं पाणी तपासून दख्खनच्या झिजेचा हिशेब मांडला आहे. ज्या नदीच्या काठी मी पोहायला शिकले, ती पृथ्वीचं हवामान सांभाळणाऱ्या नद्यांपैकी एक आहे, हे मला पस्तिशीत कळलं.

दुपारी माहेरी. अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, विहिरीवरच भेटले. ही विहीर ७२ च्या दुष्काळात त्यांनी स्वतः खणली. कठड्यावर वाकून ते मला थर दाखवू लागले, आणि पुस्तकातल्यापेक्षा मला ती भाषा नेहमीच जास्त आवडते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा भुसभुशीत खडक, मग काळा पाषाण, आणि दोन पाषाणांच्या मधे हातभर जाडीचा तांबडा गेरूचा पट्टा.

"झरा गेरूच्या डोक्यावरच लागतो बघ," अण्णा म्हणाले. "गेरूत पानी शिरत न्हाई. वरनं आलेलं तिथंच आडतं आन् आडवं पळतं."

गेरू म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात झिजलेला जुना पृष्ठभाग. एक लाव्हा आला, निवला, त्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा आला आणि ती भाजून बंद झाली. आपण घाटात पाहिली तीच झीज, पण सहा कोटी वर्षांपूर्वीची.

विहिरीचं पाणी मोजलं: ३१०. पीएच आठाला थोडा कमी. चव अशी की तांब्या खाली ठेवू नये. यातलं बहुतेक सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट आहे, म्हणजे दगडाने दिलेलं. गिब्जच्या आलेखाचा हा बरोबर मधला भाग. आईच्या बंबाच्या आत पांढरा थर असतो, तो हेच कॅल्शियम आहे, उकळल्यावर चुनखडी होऊन बसलेलं.

अण्णांनी घरातल्या देवळीतून एक कागदाची पुडी आणली. विहीर खणताना मांजऱ्यात सापडलेली 'गारगोटी'. गारगोटी नव्हतीच ती, स्टिल्बाइट होतं, फिक्या जर्दाळू रंगाचं, पेंढी बांधावी तसे मधे आवळलेले स्फटिक. लाव्हातल्या वाफेच्या बुडबुड्यांत नंतर पाणी शिरलं आणि त्याने भोवतालच्या दगडातून उचललेलं सगळं तिथे मांडून ठेवलं. या खनिजांना झिओलाइट म्हणतात. त्यांच्या सांगाड्यात बारीक बोगदे असतात, त्यात पाणी आणि सोडियम-कॅल्शियम सैल बसलेले असतात आणि बाहेरच्या पाण्याबरोबर अदलाबदल करतात. जड पाणी हलकं करायच्या यंत्रात आधी हीच जातकुळी वापरायचे. अण्णांनी पन्नास वर्षं ती पुडी देवाजवळ ठेवली आहे. मी परत त्यांच्या हातात दिली.

दिवस तिसरा: पूर्वेकडे

दिवस गाडीतच गेला. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना. घाटाची सावली संपत नाही, पाऊस कुठे पाचशे, कुठे सहाशे मिलिमीटर.

एकदाच थांबलो, अहिल्यानगरच्या पुढे, एका ओढ्याच्या कापलेल्या काठाशी. काळ्या मातीत दीड-दोन हात खोलीवर पांढरे गोटे, हरभऱ्याएवढे, काही लिंबाएवढे. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतात आणि नांगराच्या वेळी वैतागतात. एका गोट्यावर आम्लाचा थेंब टाकला तर सरसरून फेस आला. वाईच्या विहिरीत विरघळलेलं जे कॅल्शियम पाहिलं, ते इथे पाण्यातून बाहेर पडून घट्ट झालं आहे. पाऊस कमी, ऊन भरपूर, मातीतलं पाणी खाली जाण्याऐवजी वर उडून जातं आणि पहिली साथ सोडतो तो चुना.

दादाने विचारलं, "मग चुना गेल्यावर पाण्यात काय उरतं?"

उत्तर लोणारला होतं.

दिवस चौथा: लोणार

धारेवर भल्या पहाटे गेलो. सरोवराच्या कडेवर, देवळांच्या गर्दीत गोमुखातून बारा महिने पाणी पडतं. बायका हंडे भरत होत्या. मोजलं तर चारशेच्या आसपास, म्हणजे माझ्या माहेरच्या विहिरीची धाकटी बहीणच. दगड तोच, पाणी तेच.

इथून खाली वन विभागाच्या वाटेने गाईडबरोबर उतरलो. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेला हा खळगा साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे. वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं मानत, मग २०११ मध्ये आर्गॉनच्या मोजणीतून ५ लाख ७० हजार निघालं. आपल्याला आज त्याच्या वयाशी काम नव्हतं, त्याला दार नाही याच्याशी होतं. चारी बाजूंनी कड. ओढे, झरे आत येतात, बाहेर एकही जात नाही. पाण्याला बाहेर पडायची वाट एकच, आकाशाची. आणि त्या वाटेने क्षार जात नाहीत.

काठाशी वास येतो तो विसरता येत नाही, कुजलेल्या शेवाळाचा आणि सोड्याचा मिळून. पाणी हिरवं, जाडसर. पट्टीवर काठाचा एक थेंब घेतला तर ती बघता बघता गडद निळी झाली. पीएच १० च्या जवळ. बोटं एकमेकांवर चोळली तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागली. मीटरचा आकडा चढत चढत त्याच्या मर्यादेबाहेर गेला.

खाली एका दगडावर बसून दादाला समजावून सांगितलं, आणि तेव्हा मलाही ते पहिल्यांदा नीट दिसलं. बेसॉल्टमधून निघालेल्या पाण्यात एका बाजूला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असतात, दुसऱ्या बाजूला मुख्यतः बायकार्बोनेट. पाणी आटू लागलं की जोड्या लागायला सुरुवात होते. कॅल्शियम आणि कार्बोनेटची जोडी आधी जुळते आणि दोघं मिळून गाळात बसतात, अहिल्यानगरच्या मातीत बसले तसे. मॅग्नेशियमचंही बरंच तसंच. आता प्रश्न एवढाच की कोण संपतं आधी. कॅल्शियम जास्त असतं तर कार्बोनेट संपलं असतं. पण बेसॉल्टच्या पाण्यात कार्बोनेटच जास्त असतं, कारण सोडियमनेही आपला वाटा दगडातून आणलेला असतो. कॅल्शियम संपतं, कार्बोनेट उरतं, आणि त्याच्या जोडीला एकटा सोडियम. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. १९६७ साली गॅरल्स आणि मॅकेन्झी या भूरसायनतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाच्या साध्या झऱ्याचं पाणी कागदावर आटवून दाखवलं होतं, आणि शेवटी हातात सोड्याचा तलाव आला होता. इथे तो प्रयोग उन्हात, उघड्यावर, हजारो वर्षं चालू आहे. धारेचं पाणी वर, त्याचं उत्तर खाली, मधे दीडशे मीटरचा उतार.

सोड्याबरोबर मीठही आहे अर्थात. क्लोराइडला जोडी लागून गाळात बसायची सवयच नाही, ते पाण्यातच साठत राहतं.

लोणारचे लोक हे नावानिशी ओळखत होते. इथून निघणाऱ्या खारांची जुनी नावं दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी आहेत. काच आणि साबण करायला लागणारं सगळं या डोंगरात मिळतं, असं ऐन-इ-अकबरीत लिहिलेलं आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने सोळाव्या शतकात नोंदवलेलं हे वाक्य आजच्या विश्लेषणाच्या तक्त्याशी जुळतं.

कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, म्हणून हे नाव. आम्ही गेलो तेव्हा तलावाची पातळी वाढलेली होती आणि विहीर पाण्याखाली. गाईडने काठीने जागा दाखवली. कड्याकडून झिरपणारा झरा आणि तलावाकडून शिरणारं पाणी एकाच विहिरीत दोन बाजूंनी येत असणार, हे तिथे उभं राहिलं की सहज पटतं. मला मात्र माझ्या सासूबाई आठवल्या, आणि तो डाळीचा वेगळा हंडा.

दिवस पाचवा: पूर्णा

मेहकरवरून अकोला. अकोल्यातून अकोटच्या रस्त्याला लागलं की जमीन इतकी सपाट होते की क्षितिजावर फक्त कापूस आणि तुरी. गांधीग्रामच्या पुलावर थांबलो. खाली पूर्णा, काळ्या-पिवळ्या गाळाच्या उंच दरडींतून संथ चाललेली. काठावर दगड शोधला तर मिळेना. बेसॉल्ट आहे, पण खाली, फार खोल. सातपुड्याच्या पायथ्याचा हा खचलेला पट्टा नद्यांनी आणलेल्या गाळाने काठोकाठ भरला आहे, काही ठिकाणी तीनशे मीटरच्याही खाली. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला हाच तो खारपाणपट्टा.

पूर्वी इथे समुद्र होता, म्हणून पाणी खारं, असं गावोगाव सांगतात. पण या दरडीत समुद्राची खूण नाही, नदीचा गाळ आहे. मग मीठ आलं कुठून याबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. मला पटणारं उत्तर आतापर्यंत वाटेत भेटलं तेच आहे: थोडं थोडं आलेलं पाणी आणि बाहेर जायची बंद वाट. लोणारला कडा आडव्या आल्या, इथे चिकणमाती. पावसाने आणलेलं मूठभर मीठ आणि दगडाने दिलेला सोडियम कोरड्या काळांत या गाळात आटत, साठत गेला. गाळ बारीक, उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे जमिनीतलं पाणी चालतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यात ही माती स्वतः अदलाबदल करते, झिओलाइटसारखीच. पाण्यातलं कॅल्शियम धरते आणि सोडियम सोडते, आणि सोडियम फार वाढला की तोही धरून बसते.

सोडियमने भरलेली माती शेतकऱ्याला रडवते. तिला चोपण म्हणतात. पाऊस पडला की कण विरघळल्यासारखे सुटतात, भोकं बुजतात आणि वर पाणी साचतं, खाली मुळाशी कोरडं. या विहिरीचं पाणी दिलं तर जमीन आणखी बिघडते, म्हणून पायाखाली पाणी असून बहुतेक शेती पावसावर आणि शेततळ्यावर. जिप्सम टाकतात ते याचसाठी, त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीवरून उठवतं. पिण्याचं दुःख त्याहून मोठं. गावात कुणाची किडनी गेली की लोक पहिलं नाव पाण्याचं घेतात, आणि ज्या घरात हंडाभर गोड पाण्यासाठी मुलीची शाळा बुडते तिथे हे नुसतं रसायनशास्त्र राहत नाही. मी ते सून म्हणून पाहिलं आहे.

संध्याकाळी घरी पोचलो. वाड्यातल्या विहिरीत पोहरा सोडला. २,७४०. पर्यायच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा २,००० आहे. पिणं सोडूनही वर्षं झालेलं हे पाणी, आता फक्त गुरांच्या गोठ्यात आणि भांड्यांना. मी एक घोट घेतला. मिठाची चव आधी, मग जिभेच्या मागे कडवट, ती मॅग्नेशियमची.

दिवस सहावा: सातपुड्याचा पायथा, आणि डाळ

सकाळी अकोटवरून पोपटखेडला गेलो. नरनाळ्याचा डोंगर समोर, तोही बेसॉल्टचाच. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी आपला जड माल टाकून देतात, गोटे, वाळू, खडे. त्यातून पाणी सरळ खाली उतरतं आणि पुढे सरकतं. इथल्या एका मळ्यातल्या बोअरचं पाणी मोजलं: ३८०. संत्री, केळी, आणि पलीकडे अंजनगाव सुर्जीकडे पानमळे, हे सगळं या गोड पाण्यावर. इथून दक्षिणेला, पूर्णेकडे जाऊ तसे गोटे बारीक होत वाळू होतात, वाळूची चिकणमाती होते, पाणी रेंगाळतं आणि खारावतं. वीस-पंचवीस किलोमीटरची ही वाट, आणि माझं सासर तिच्या शेवटाकडे.

म्हणजे डाळीचा तो वेगळा हंडा कुठला, हेही उमगलं. वान धरणातून नळाने येणारं ते पाणी सातपुड्याच्या डोंगरातलं. गाळात न रेंगाळलेलं.

दुपारी सासूबाईंना म्हटलं, "आई, आज डाळ मी लावते, चुलीवर. तीन पातेल्यांत." त्यांनी विचारलं नाही कशाला. तूर मोजून तीन वाट्या केल्या. एका पातेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. तिसऱ्यातही विहिरीचंच ओतलं आणि मी विचार करत थांबले, तर त्या उठल्या, फडताळातून बरणी काढली आणि चिमूटभर पांढरी पूड तिसऱ्या पातेल्यात टाकली.

"पापडखार," त्या म्हणाल्या. "नळ नव्हता तवा आम्ही अस्संच कराचो. पानी जरा गढूय होते, मंग डाय शिजते. लय नाई टाकाचा, चव जाते."

मी पातेल्यावर वाकले. पाणी खरंच गढूळ झालं होतं. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, म्हणून दाणा कडक राहतो. पापडखारातल्या सोड्याने ते दोघे पाण्यातून खाली बसवले. तीच जोडी, तीच गढूळ पांढरी साय, जी लोणारच्या तळाशी बसते आहे. माझ्या सासूबाई हे चाळीस वर्षं करत होत्या.

अर्ध्या तासाने त्यांनी तिन्ही पातेल्यांतला एकेक दाणा पळीने काढून पाटावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. नळाच्या पाण्यातला पसरला. विहिरीतला टणक, अंगठ्याखालून निसटून चुलीपाशी गेला. तिसरा पहिल्याहूनही मऊ झाला होता, जरासा पिवळाजर्द. त्यांनी तो जिभेवर ठेवला, मान हलवली आणि फोडणीला कढई चढवली.